ताईचा फोन आणि मास्तरांची पेन्सिल

मास्तरांच्या पायाला भिंगरी होती. देश सोडून सव्वीस वर्षं झाली, तेवढ्या काळात अकरा खोल्या बदलल्या. प्रत्येक खोलीत टेबल आधी खिडकीशी, मग भिंतीशी, मग परत खिडकीशी. कॉलेजात कथालेखन शिकवायचे, तेही येरझाऱ्या घालत. पोरांना दटावायचे, "डोळ्यांनी पाहिलंय तेच लिहा!" आणि स्वतः? चार पुस्तकं लिहिली, चारही घरच्या माणसांची, आणि सगळा माल ताईच्या फोनवरचा. ताई म्हणजे थोरली बहीण. आईजवळ तीच राहिलेली. ती बोलायची, हे मान वाकडी करून, फोन खांद्यात धरून पेन्सिलीनं उतरवून घ्यायचे.

चौथ्या पुस्तकात मात्र त्यांनी कहर केला. ताईनं रडत सांगितलेलं तिचं मोडलेलं लग्न जसंच्या तसं छापलं. अख्ख्या गल्लीनं ओळखलं. ताईनं दोन वर्षं फोन उचलला नाही. त्या दोन वर्षांत मास्तरांना एक ओळ सुचली नाही. पण खरं सांगू? ओळीचं जाऊ द्या, ताईवाचून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी आईनं मध्यस्थी केली.

"बोलेन," ताई म्हणाली, "पण पुन्हा पेन्सिल घेतलीस, तर मला भाऊ नाही."

मास्तरांनी आईची शपथ घेतली. तेव्हापासून ते फोन दोन्ही हातांनी धरायचे.

परवा सकाळी वर्गाला निघताना फोन आला. एकाच पायात बूट होता, काखेत पोरांच्या तपासलेल्या वह्या.

"आई गेली रे."

मास्तर तिथंच जमिनीवर बसले. "कशी? सांग ना, ताई."

ताई सांगू लागली. पहाटे आई उठून बसली, वेणी घालून दे म्हणाली. मास्तर "हं... हं..." करत होते. वेणी अर्धी झाली आणि आईनं मान टाकली. मास्तरांचा हुंकार थांबला.

ताईही थांबली. ती भावाला लहानपणापासून ओळखते. ऐकताना हुंकार देतो, लिहायला लागला की गप्प.

"लिहितोयस?"

मास्तरांनी खाली पाहिलं. मांडीवर कुणा विद्यार्थिनीची वही, तिच्या मागच्या पानावर 'अर्धी वेणी'. पेन्सिल कधी हातात आली, देवाशप्पथ त्यांना कळलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं.

"हो," ते म्हणाले.

मास्तर जागचे हलले नाहीत.

"मग हेही लिही," ताई म्हणाली. "एका हातात तिची वेणी होती, दुसऱ्या हातानं मी मान सावरली. तिचा हात धरायला तिसरा हात नव्हता."

"हं," मास्तर म्हणाले.