सरकासरांचे बाक

वर्गात आल्यावर सरकासर खुर्चीकडे बघतसुद्धा नसत. सरळ पोरांच्या रांगेत शिरायचे, एखाद्या बाकापाशी थांबायचे आणि म्हणायचे, "सरका बे जरा." पोरं गडबडून सरकायची आणि सर त्यांच्यात मांडीला मांडी लावून बसायचे. मुलींच्या बाजूला आले की गाव काय म्हणेल याचं भान ठेवून आम्हाला मागच्या बाकावर पाठवायचे आणि स्वतः पुढच्या बाकावर उलटे, आमच्याकडे तोंड करून बसायचे. थोड्या दिवसांनी त्यांनी सगळे बाकच गोलात मांडून घेतले. शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या त्या कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त प्राचार्य घेत, तेही रागावले असले तरच.

सुरुवातीला आम्हाला त्यांचा वैताग यायचा. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं सोडून "तुला काय वाटतं?" असं आमच्याच गळ्यात घालायचे. अंकुश नावाचा बागायतदाराचा मुलगा एकदा चिडून म्हणाला, "सर, नोट्स द्या की. परीक्षेला काय लिवायचं आमी?" सर म्हणाले, "परीक्षेला गाईडातलं लिही बाबा. इथं तुझ्या डोक्यातलं काढ. लई दिवस झाकून ठिवलंस तर आंबून जाईल."

भूगोल शिकवायचे. आपल्याकडे पाऊस का पोचत नाही, हा धडा सुरू होता. सरांनी विचारलं, "ऊस तोडायला कोण कोण जातं?" कोणी हात वर करेना. निम्मा वर्ग दर साल जायचा, पण कॉलेजात ते बोलायचं नाही, असा आमचा आमच्यातच ठराव होता. सर गप्प बसून राहिले. त्यांना गप्प बसणं फार छान जमायचं. शेवटी मी हात वर केला. "मग सांग, घाटाकडं जाताना हिरवं कुठून सुरू होतं?" ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बसून लहानपणापासून जे बघत आले होते, ते मी सांगत गेले. मग दुसरी बोलली, तिसरा बोलला. तास संपल्यावरही पोरं उठेनात.

कॉलेज ज्या संस्थेचं, तिचे अध्यक्षसाहेब म्हणजेच सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. कारखाना मोठा थाटात उभा राहिला होता, पण या दुष्काळात उसाला पाणी कुठलं? धुराडं थंड पडलेलं. कामगार तरी रोज येऊन फाटकाशी बसायचे, कारण औंदा नक्की सुरू होणार असं साहेब दर सभेत सांगायचे. आणि आम्ही त्याच फाटकावरून ट्रकात बसून दुसऱ्यांच्या कारखान्यांचा ऊस तोडायला जायचो. याचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघत, त्या उन्हाळा लागल्यावर परत येत. तोवर हजेरी कुठून भरणार? मी दुसऱ्या वर्षाला होते. घरात साफ सांगितलेलं होतं, यंदा परीक्षा दिली तर पुढचं बघू, नाहीतर लग्न. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देतो तो जोडीला, एकट्या पोरीला नाही. परीक्षा हुकली की पुढच्या हंगामाच्या आत माझाही कोयता होणार होता, आणि मुलगाही बघून ठेवलेला होता.

सरांनी यावर साधा तोडगा काढला. पाऊसकाळात टोळ्या गावात असतात, तेव्हाच या पोरांचे जादा तास घेऊन अभ्यासक्रम संपवायचा आणि ती हजेरी धरायची. त्यांनी तास घेतलेही. सकाळी लवकर, संध्याकाळी उशिरापर्यंत, कोणी सांगितलेलं नसताना. आमचा सगळा अभ्यास दसऱ्याच्या आत झाला. हजेरीची मान्यता तेवढी उरली होती. प्राचार्य माणूस वाईट नव्हते, फक्त भित्रे होते. "नियम आहे हो," म्हणाले. सर म्हणाले, "नियम पावसाच्या गावाचा हाय, सर. आपलं गाव कोरडं. पोरांनी कॉलेजच्या सवडीनं जगावं, का कॉलेजनं पोरांच्या सवडीनं चालावं?" प्राचार्यांनी ठरलेलं उत्तर दिलं, "वर विचारतो."

वर म्हणजे अध्यक्षसाहेब. ते एक दिवस स्वतःच आले. हजेरीचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, पण गोल बाक पाहून खूश झाले. हिवाळ्यात मूल्यांकन समिती यायची होती आणि कॉलेजात नवं काय, हे तिला दाखवायचं होतं. "सर, लई भारी काम केलंत! आता हे हलता कामा नये," असं म्हणून ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याचे फिटर आले. त्यांनी फरशी फोडली, बाकांचे लोखंडी पाय खड्ड्यांत उतरवले आणि वर सिमेंट ओतलं. वर्तुळाच्या मधोमध प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. भिंतीवर पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, 'येथे विद्यार्थी केंद्रस्थानी आहे.'

सर सकाळी वर्गात आले, सवयीने म्हणाले, "सरका बे," आणि बाकाला हात लावला. बाक हलला नाही. सर खाली वाकून सिमेंटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, मी बाकं हलवायला शिकवत होतो. यांनी गोल तेवढं बघितलं." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. दिवाळीनंतर आमची टोळी निघाली, तेव्हा ते ट्रकपाशी येऊन म्हणाले, "तुमी जावा. परीक्षेचं मी बघतो." माझा त्या शब्दावर पूर्ण भरवसा होता.

समिती आली तेव्हा आम्ही उसाच्या फडात होतो. पुढचं अंकुशने सांगितलं. निम्मा वर्ग रिकामा दिसेल म्हणून साहेबांनी कारखान्याच्या फाटकावरचे तरणे कामगार इस्त्रीचे कपडे घालून बाकांवर बसवले होते. समितीतल्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "विद्यार्थ्यांनो, तुमच्या मनात कोणता प्रश्न आहे? मोकळेपणाने विचारा." बॉयलरवरचा एक जण उठून म्हणाला, "कारखाना कवा सुरू होणार, मॅडम?" प्राचार्य त्याला खाली बसायची खूण करू लागले. तेवढ्यात सरकासर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ही माझी पोरं न्हाईत. माझी पोरं उसात हायत. भेटायचं असंल तर गाडी काढा, मी वाट दाखवतो."

कोणी गाडी काढली नाही. समितीने जेवण केलं, शाली घेतल्या, बैठकव्यवस्थेची स्तुती केली आणि कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. सरांची बदली झाली, संस्थेच्या केज तालुक्यातल्या दुसऱ्या शाखेत. आम्ही परत आलो तेव्हा हजेरी कमी म्हणून टोळीतल्या एकालाही परीक्षेला बसू दिलं नाही. सगळा अभ्यास झालेली पोरं कॉलेजच्या फाटकाबाहेर उभी होती, आणि वर्गाच्या उघड्या खिडकीतून 'केंद्रस्थानी'ची अक्षरं नवीकोरी चमकत होती. त्या दिवशी मी दगड उचलला होता. मैत्रिणीने हात धरला म्हणून, नाहीतर त्या पाटीचं काही खरं नव्हतं.

घरात लग्नाची बोलणी सुरू झाली. आणि एका दुपारी सर केजहून एसटीने आमच्या गावात आले. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी धावपळ करून सतरंजी मागवली, तर सर म्हणाले, "सरका जरा, दादा," आणि त्यांच्या शेजारी उघड्या ओट्यावर टेकले. वडील म्हणाले, "सर, तुमी म्हनला म्हनून साल घातलं. पोरगी बसलीच न्हाई परीक्षेला. आता कावून घरी ठिवू?" सरांनी सबब सांगितली नाही. "माझा शब्द खोटा पडला, दादा," एवढं बोलून ते गप्प बसले. फार वेळ बसले. वडिलांनीच शेवटी विचारलं, "दुसरी काई वाट हाय का?" सर म्हणाले, "बहिःस्थ म्हणून बसवू. त्याला हजेरी लागत न्हाई. एक हंगाम द्या मला." वडिलांनी दिला. जिला केंद्रस्थानी ठेवायचं होतं, ती अशी बाहेरून पदवीधर झाली. टोळीतल्या बाकीच्या मुलींच्या घरीही सर गेले होते. तिथे कोणी सरकलं नाही. त्या आज कोयता धरून आहेत.

मी पुढे शिकले, गेवराईजवळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवू लागले. परवा जुन्या कॉलेजातून एका कार्यशाळेचं बोलावणं आलं. विषय होता विद्यार्थी-केंद्रित शिक्षण. मला हसावं का रडावं ते कळेना, पण गेले. चहाच्या वेळी तिथला म्हातारा शिपाई म्हणाला, "तुमचे सरकासर गेले की, मॅडम. पंधरवडा झाला." मला कोणीच कळवलं नव्हतं. हातातला कप तसाच ठेवला.

सभागृह म्हणजे आमचाच तो वर्ग. बाक सिमेंटात तसेच गोल, मध्ये नवी कुंडी. वक्ते कुंडीपाशी उभे राहून स्वतःभोवती फिरत बोलत होते, त्यामुळे कायम निम्म्या लोकांकडे त्यांची पाठ होती. पाहुण्यांसाठी भिंतीशी खुर्च्या मांडल्या होत्या. मी बाकांकडे गेले आणि एका मुलीला म्हटलं, "सरक गं जरा." ती दचकली. "मॅडम, तुमची खुर्ची तिकडं हाय." मी बसलेच. तिला हळूच विचारलं, "वर्ग एवढाच?"

"बाकीची उसाला गेली," ती म्हणाली. "आमची टोळी काल निघणार व्हती. कार्यक्रमाला पोरं पायजेत म्हनून प्राचार्य सरांनी मुकादमाला सांगून आजच्या दिवस थांबवलं. उद्या जाणार."

"आणि परीक्षा?"

"हजेरी कुठून भरणार?" म्हणत तिने समोरच्या पाटीकडे बघितलं. पाटी पुन्हा रंगवलेली होती. वक्ते आमच्याकडे पाठ करून टाळ्या घेत होते.

"तुझे वडील आज घरी भेटतील का?" मी विचारलं.