वय वर्षे एकोणीस

हे मी आजवर कुणाजवळ बोलले न्हाई. नवऱ्याजवळ न्हाई, सख्ख्या बहिणीजवळ न्हाई. देवासमोर हात जोडले तरी दुसरंच काहीतरी मागत राह्यले — जसं काही त्याला माहीतच न्हाई! मंग तुम्हाला का सांगून राह्यले? तुम्ही मला ओळखत न्हाई, म्हणूनच असंल.

मी नर्सबाई होते. अंबड तालुक्यात, साखर कारखान्यापासून कोसभर अंतरावरच्या एका गावात, सरकारी उपकेंद्रावर. उभी नोकरी तिथंच काढली. लसी टोचल्या, बाळंतपणं केली, पाळणा लांबवायच्या गोळ्या घरोघर वाटल्या. गावात माझ्या शब्दाला मान होता. ही फुशारकी न्हाई हो. तो मान कशावर उभा होता, तेच सांगायचंय — पण थांबा जरा, असं एकदम येत न्हाई ते तोंडात.

वैशाखातली लग्नं उरकली, की मला नव्या जोडप्यांच्या घरी जावं लागायचं. एक रजिस्टर होतं. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, दोघांची वयं. पोरगी अठराच्या आतली असली, तर नावापुढं लाल खूण करायची. लाल खूण म्हणजे काय? तर सासू-सासऱ्यांना बसवून सांगायचं, की इतक्यात लेकरू नको. पोरीला गोळ्या द्यायच्या. डॉक्टरांना कळवायचं. आणि तरी दिवस गेलेच, तर दर महिन्याला तपासायचं आणि बाळंतपण दवाखान्यातच करायचं. चांगली होती ती खूण. कुणीतरी विचार करून ठेवलेली होती.

माझ्या रजिस्टरात लाल खूण न्हाई. एकही न्हाई.

म्हणाल, गावात कोवळ्या पोरींची लग्नंच होत नसतील. होत नव्हती कशी? आमच्याकडं ऊसतोडीला जोडी लागते. एकट्या गड्याला मुकादम टोळीत घेत न्हाई — एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधून वाहायच्या. मंग दसऱ्याच्या आत पोराची जोडी झाली पाहिजे, म्हणून सातवी-आठवीतली पोरगी शाळेतून काढायची आणि बोहल्यावर चढवायची. दारात बसून सागरगोटे खेळणाऱ्या नव्या नवऱ्या मी पाह्यल्यात. माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं.

पण लाल खूण केली, की मीटिंगमध्ये साहेब विचारणार — बाई, लग्न लागेपर्यंत तुम्ही झोपल्या होत्या का? आणि गाव विचारणार — बाई, आमच्या दारात पोलीस आणता का? मी लेकरं घेऊन गावात एकटी राहायचे, नवरा जालन्याला नोकरीला. माझ्या आधीच्या बाईनं जाता जाता मला युक्ती शिकवली होती. एकोणीस लिही, म्हणाली. अठरा लिहिलं तर साहेबाला संशय येतो, वीस लिहिलं तर पोरगी तेवढी दिसत न्हाई. एकोणीस बराबर बसतं.

पहिल्या पहिल्यांदा वय विचारून मंग एकोणीस लिहायचे. नंतर? नंतर मी वय विचारायचंच सोडलं.

मंग एका वर्षी रंजना नावाच्या पोरीचं लग्न झालं, आणि मी तिच्या सासरी गेले. साडीची सवय नव्हती, पदर सारखा घसरून राह्यला होता तिचा. सासू म्हणाली, एकोणीस लिवा. मी लिहायला घेतलं, आणि ही पोरगी मधीच बोलली —

“न्हाई ओ बाई. येत्या आखाडात पंधरा पुरे व्हतील मला.”

असं कुणी बोलत नसतं. नवी नवरी तर बिलकुल न्हाई. आणि माझा पेन — हे मला अजून दिसतं बघा — माझा पेन एकावर थांबला होता. एक लिहून झाला होता. आता त्याच्यापुढं पाच काढायचा की नऊ, एवढंच राह्यलं होतं. मी नऊ काढला. काढला तर काढला, वर हसून म्हणाले, “पोरींना काय कळतंय वयाचं!” सासू हसली. रंजना खाली मान घालून पदर सारखा करत बसली.

तिला कळत होतं. आठवीतली पोरगी ती, जन्मतारीख तोंडपाठ असणार. गोळ्यांची पाकिटं माझ्या पिशवीत होती, त्याच दिवशी, त्याच ओट्यावर. मी काढली न्हाईत. एकोणीसच्या सुनेला कशाला गोळ्या, असं सासूनं विचारलं असतं, तर मी काय तोंडानं उत्तर देणार होते?

श्रावणात कळलं, की तिला दिवस गेलेत. मी नाव नोंदवलं. वय मागच्या पानावरून उतरवून घेतलं. खूण न्हाई, म्हणून दर महिन्याची तपासणी न्हाई, दवाखान्याची चिठ्ठी न्हाई. दसऱ्यानंतर टोळीबरोबर ती कारखान्याजवळच्या कोप्यांत राहायला गेली — पाचटाच्या झोपड्या असतात त्या. भरल्या पोटानं मोळ्या वाहताना मला रस्त्यावरून दिसायची. दुरून हात करायची. मी पण हात करायचे.

होळीच्या सुमारास ती कोपीत अडली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी मला बोलवायला माणूस आला. जाऊन बघितलं. एवढंसं शरीर, लेकराला बाहेर यायला वाटच न्हाई. मी आरडाओरडा करून जीप मिळवली, अंबडला नेलं, तिथून जालन्याला. वाटभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती वाचली. लेकरू गेलं, मुलगा होता. गर्भाची पिशवी फाटल्ती, ती काढून टाकावी लागली.

तिथं डॉक्टरांनी वय विचारलं. मी सांगितलं, एकोणीस. हो — तिथंसुद्धा. तेव्हा कुणाची भीती होती मला? सासू तर जीपमध्ये बसायलाच तयार झाली नव्हती.

आणि गावात काय बोललं गेलं? बाईनं रंजीला यमाच्या दारातून ओढून आणली! मी ते ऐकून घेतलं. तिच्या नवऱ्यानं दोन वर्षांत दुसरी केली. रंजना माहेरी आली, शेजारच्याच वाडीला, आणि पुढं तिथल्या शाळेत खिचडी शिजवायला लागली. मी वाडीवर गेले, की हाताला धरून घरात न्यायची, चहा पाजायची. तो चहा मी प्यायले. कितीतरी वर्षं प्यायले.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत न्हाई, म्हणतात. माझ्याबाबतीत राह्यलं. तुम्हाला वाटत असंल, त्यानंतर तरी बाई लाल खूण करायला लागली असंल. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. पण तेव्हा केली असती, तर आधीचे एकोणीस कुठून आले, हे कुणीतरी विचारलं असतं. मी एकोणीसच लिहीत राह्यले.

माझ्या निवृत्तीला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. साहेब बोलायला उठले. म्हणाले, या बाईंच्या रजिस्टरात अठराच्या आतली एकही माता न्हाई, सगळ्यांनी त्यांच्याकडून शिकावं. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाई किती साध्या.

सगळ्या बायकांनी ओटी भरली. रंजना मागं उभी होती, खण-नारळ पदराखाली झाकून. सगळ्या पांगल्यावर पुढं आली. “माझ्या हातची चालती का, बाई?” मी म्हणाले, “चालती गं, असं काय बोलतीस?” तिनं ओटी भरली, पाया पडली. आणि उठताना एकदम हसायला लागली.

“तुमाला याद असंल का न्हाई... तुमी वय लिहायला आल्त्या, तर मी येडी मधीच बोलले. घरात गेल्यावर सासूनं असा चिमटा काढला! तुमाला पण राग आला असंल. अक्कलच नव्हती मला.”

माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पंधरा म्हणालीस ते बराबर होतं, एवढंच म्हणायचं होतं.

ती हसत होती. मीही हसले.