लॅव्हेंडरचा रुमाल आणि माझी दाढ

आमगावजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी परिचर आहे. लाथाळ म्हैस धरायची असली की डॉक्टर मलाच हाक मारतात. गावात म्हणतात, "योगराज बिसेन कोनाले भेत नाही."

म्हशींना भीत नाही, एवढं खरं. दाताच्या दवाखान्याचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या छातीत धडधडतं आणि तळहातांना घाम फुटतो. म्हणून दाढ किडली तेव्हा लवंग चघळत, एकाच बाजूनं जेवत मी पोळा ते दिवाळी काढली. गाल सुजला, तर लोकांना म्हशीचं शिंग लागलं म्हणून सांगितलं. बिचाऱ्या म्हशीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

बायको चमेली शेवटी चिडली. "एवढ्या मोठ्या जनावराले धरता, अन् त्या दाताच्या मॅडमले काऊन भेऊन राहिले जी?"

दिवाळीला मुलगी योगेश्वरी नागपूरहून आली. ती नर्सिंग शिकते. तिनं एक छोटी बाटली हातात ठेवली. "बाबा, हे लॅव्हेंडरचं तेल. रुमालावर दोन थेंब टाका आणि हळूहळू वास घ्या. भीती पळून नाही जाणार, पण जीव जरा शांत होईल."

चमेली म्हणाली, "घरात चमेली असून तुया बापाले परदेशी फूल कायले पायजे?"

मी ओसरीवर बसून वास घेतला. खरंच बरं वाटलं, श्वास संथ झाला. मग माझी अक्कल चालली. आमच्या दवाखान्यात औषधाचं माप जनावराच्या वजनावर ठरतं. दोन थेंब म्हणजे शेळीचा डोस, असं मी ठरवलं आणि चमेलीबरोबर दाढ दाखवायला निघताना अर्धी बाटली रुमालावर रिकामी केली.

दातांच्या दवाखान्यात मी नाकाला रुमाल लावून बसलो. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोनाचं लगन हाये का, बापू?" चमेली उठून दुसऱ्या बाकावर गेली.

नंबर आला. डॉक्टर दुर्गा मॅडम माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. मी आ केला, त्या वाकल्या आणि शिंकल्या. मास्क बदलून पुन्हा वाकल्या, पुन्हा शिंकल्या. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काका, काय लावून आलात?"

"लॅव्हेंडर. भीती जावी म्हणून."

"मला उग्र वास सोसत नाही हो," असं म्हणत त्या स्टुलावर बसल्या आणि आणखी तीनचारदा शिंकल्या.

मी खुर्चीतून उतरलो. रुमाल बाहेर चमेलीकडे फेकला, खिडकी उघडली, साबणानं हात धुतले आणि मॅडमना पाणी दिलं. "घाई नका करू मॅडम. आरामात बसा. हळूहळू श्वास घ्या," मी म्हणालो. त्यांना धीर देता देता माझ्या लक्षात आलं की माझी धडधड थांबली आहे.

मॅडमनी डोळे पुसले. "आता तुम्ही बसता का?"

मी बसलो. शूर झालो होतो असं मात्र नाही. गच्च डोळे मिटून मी "आई गं" म्हणून ओरडलो, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काका, मी अजून सुई हातातसुद्धा घेतली नाही."

दाढ निघाली. पोळा ते दिवाळी ज्याची धास्ती घेतली, ते काम चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात झालं. तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे घरी जाताना मला बोलता येत नव्हतं. ती संधी साधून चमेलीनं वाटेत भेटेल त्याला सगळी हकिगत सांगितली. मी स्कूटीवर तिच्या मागे बसून नुसती मान हलवत होतो.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या दाताला सिमेंट भरायचं होतं. सकाळी ओसरीवर मोजून दोन थेंबांचा वास घेतला, रुमाल घरीच ठेवला आणि एकटा गेलो. छाती धडधडलीच, पण पाय दवाखान्याच्याच दिशेनं चालत होते. मॅडमनी दारातच आधी माझा वास घेतला आणि मगच आत बोलावलं.