वाढवलेल्या बांगड्या

आईच्या बोटांचे सांधे सुजून सुपारीएवढे झाले, तेव्हा कासाराने हात टेकले. नवी बांगडी काही चढेना. मनगटातल्या जुन्या बांगड्या सुजेत रुतायला लागल्या, म्हणून शेवटी तिने त्या वाढवल्या आणि काष्टीजवळच्या आमच्या गावात मोकळ्या हाताने वावरायची पाळी तिच्यावर आली. तीही नवरा धडधाकट असताना! मी उघडझापेचं कडं आणून दिलं, ते कपाटात पडलं. "काच ती काच," म्हणाली. दोन्ही हात भरलेले हवेत, एवढंच तिचं मागणं होतं.

संधिवाताच्या गोळ्या चालू होत्या, पण दुखणं हटेना. मग कुणीतरी नगरचा एक कायरोप्रॅक्टर सुचवला. हाताने मणके, सांधे मोकळे करणारा माणूस. असल्या लोकांचे कडाकडा हाडं वाजवणारे व्हिडिओ आईने मोबाईलवर पाहिले होते, त्यामुळे स्वारी खुशीत निघाली.

त्याने आधी तिला चालायला लावलं. मग पाठ, खुबे, तळपाय बघितले. झोप लागते का, जेवता कधी, पोट साफ होतं का, सगळं विचारलं. आई माझ्या कानाशी लागली, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! हात दुखत्यात आन् ह्यो पोटाचं इचारतोय."

त्याने ते ऐकलं. "मावशी, सूज बोटात दिसते, पण सगळं शरीरच दमलंय तुमचं," म्हणाला. मानेला झटका द्यायला मात्र त्याने साफ नकार दिला. या आजारात ते धोक्याचं, आणि गोळ्याही सोडायच्या नाहीत. आईचं तोंड उतरलं. एवढ्या लांब येऊन कट् नाही की कुट् नाही.

मग ती मुद्द्यावर आली. "डॉक्टर, मी समद्या बांगड्या वाढवल्या वो."

"अहो, वाढवता कशाला? कमी करा!"

इंग्रजी शाळेत शिकलेलं लेकरू. बांगडी फोडली म्हणू नये, वाढवली म्हणावं, हे मला त्याला सांगावं लागलं. तो ओशाळला. मग तिचा हात हातात घेऊन एकेक सांधा हलकेच दाबत "दुखतं का?" विचारू लागला. आई दरवेळी "न्हाई" म्हणत होती आणि डोळ्यांत पाणी उभं होतं. मला तिचा असा संताप आला!

"खरं सांगितल्याशिवाय मला कळणार कसं, मावशी?" तो म्हणाला.

दुपारी आडवं व्हायचं, सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं, उपास कमी करायचे, कोमट पाण्यात बोटं हलवायची आणि दुखलं की काम थांबवायचं, असं त्याने सांगितलं. शेवटचं सोडून बाकी सगळं तिने कुरकुरत का होईना, केलं. वडील मुकाट्याने पाणी भरू लागले. काही महिन्यांनी सूज उतरली. गोळ्यांनी की विश्रांतीने, देव जाणे.

बाजाराच्या दिवशी आम्ही कासाराकडे गेलो. मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या डाव्या हातात चढल्या. आईचा चेहरा उजळला. उजव्या हाताला त्याने साबण लावला, मूठ दाबली, बांगडी सांध्याशी अडली. कासार म्हणाला, "जरा सोसा, चढंल."

आईने हात सोडवून घेतला. "ऱ्हाऊ द्या. दुखतंय मला."

हे तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. भर बाजारात मला रडू फुटलं, तर ती माझ्यावरच डाफरली, "तुला काय झालं गं? दुखतंय माझं."