सिंधूची सही

लातुरात आडत बाजाराच्या मागच्या गल्लीत सिंधूची खोली आहे. कंधारकडची ही बाई अकरा वर्षांपासून इथे धंदा करते आणि कुणी विचारलं तर धंदा म्हणूनच सांगते. आता चव्वेचाळिशी गाठली. गिऱ्हाईक कमी झालं, गुडघे कुरकुरू लागले. म्हणून एका संस्थेनं शिलाई मशीन वाटायचं ठरवलं तेव्हा पहिलं नाव तिनंच दिलं. तिनं हातानं शिवलेला ब्लाउज असा बसायचा, की गल्लीतल्या बायका टेलरकडे जातच नसत.

फॉर्म भरून घ्यायला वर्षाराणी आली, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी. तिनं छापील ओळ वाचून दाखवली : 'मला फसवून या व्यवसायात आणले. यात माझी संमती नव्हती.' खाली सही.

शेजारच्या शांतम्मानं लगेच केली. तिला उदगीरहून दवाखान्यातल्या नोकरीचं नाव सांगूनच आणलं होतं. तिच्यापुरती ओळ खरी होती.

सिंधूनं पेन खाली ठेवला. "हे माझं न्हाई, मॅडम."

"मावशी, नुसती सही तर आहे."

"तेच तर म्हणतीय. सही माझी अन् गोष्ट दुसरीची."

मग तिनं सांगितलं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एकच कोयता म्हणून मोजतात, उचलही एकच. आठ हंगाम तिनं मोळ्या वाहिल्या, पैसा नवऱ्याच्या हाती. मुकादम फडात यायचा. "त्याला न्हाई म्हणायची सोय नव्हती. म्हणलं तर दोघांचं काम बंद. नवऱ्याला ठाऊक होतं. मान खाली घालून पाचट गोळा करायचा. त्या कामाचा फॉर्म हाय का तुमच्याकडं?"

वर्षाराणीनं फॉर्मची मागची बाजू उलटून पाहिली.

"इथं मी माझ्या पायानं आले. लई गोड काम हाय असं न्हाई म्हणत. पर कुणी पिऊन आला तर मी कडी काढत न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा न्हाई म्हणले ते ह्याच खोलीत. ते खोडून मशीन कसं घेऊ?"

"कर की सही, सिंधे," शांतम्मा म्हणाली. "मशीन काय ओळ वाचून टाके घालतंय?"

शेवटी वर्षाराणीनंच ती ओळ खोडली आणि सिंधूचं म्हणणं सिंधूच्याच शब्दांत लिहिलं. "वरचे लोक मान्य करतील असं वाटत नाही, मावशी."

"नका करू म्हणावं." सिंधूनं एकेक अक्षर जपून सही केली.

मशीन आलं ते शांतम्माचं. सिंधूचं नाव यादीत नव्हतं. चार दिवस तिनं शेजारच्या दाराकडे पाहिलंही नाही. पाचव्या दिवशी दुपारी शांतम्मा मशीन ओढत तिच्या दारात आली.

"हे काय आणलंस?"

"माझ्या खोलीत उजेड न्हाई. अन् मला पाय अन् हात एका टायमाला हलवायला जमतंय होय? तू शीव, मी हुक लावते. जिचं काम तिचा पैसा."

"माझ्या खोलीत ठेवायच्या आधी मला इचारलंस का?"

शांतम्मा उंबऱ्यातच थांबली. पदरानं घाम पुसला. "बरं अक्का, इचारते. ठेवू का?"

सिंधूनं उगीच थोडा वेळ घेतला.

"खिडकीपाशी ठेव," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला.