ढगातून पडणारी अक्षरं

आमच्या सोसायटीत मुलांच्या गेमवरून वाद निघाला की मी गप्प बसते. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे, म्हणून कुणीतरी मुद्दाम विचारतंच, "तुमचं काय मत? ह्या खेळांचा पुढे आयुष्यात काही उपयोग असतो का?" मी म्हणते, चहा घ्या. खरं उत्तर द्यायचं तर मला कल्याण पूर्वेच्या चाळीतल्या आमच्या खोलीत जावं लागेल, मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, आणि तिथे गेले की मी लवकर परत येत नाही.

त्या दुपारी आठवतात त्या अर्धवट झोपेतच. आई खिडकीला ओली चादर लावायची. खोलीत हिरवट, गार उजेड असायचा. मागचं दार उघडं असलं की लांब मलंगगड दिसायचा, पण उन्हाच्या धुरकट झळांत त्याचा पायथा पुसलेला असायचा आणि नुसता माथाच वर तरंगत असायचा. मी कोब्यावर उताणी पडलेली, पोटावर रिमोट, समोर शटरचा काळा-पांढरा टीव्ही, आणि त्यातून तीच ती धून, पुन्हा पुन्हा. डोळा लागला तरी धून चालूच राहायची. मग स्वप्नात मलंगगडावर ढग यायचे आणि त्या ढगांतून इंग्रजी अक्षरं खाली पडायला लागायची. सावकाश. एकेक.

ती अक्षरं आमच्या घरी पप्पांनी आणलेली.

पप्पा ठाण्याला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. जेवताना, पेपर वाचताना, भाजी घेताना त्यांची बोटं मांडीवर टकटक चाललेली असायची. एकाखाली एक कार्बन लावून टाइप करायचं म्हणजे चुकायची सोय नाही. एक अक्षर चुकलं की खालच्या सगळ्या प्रती बाद, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पप्पा सगळंच तसं करायचे. बटण लावतानाही असे लावायचे की चुकलं तर शर्ट फुकट जाईल. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माझ्या बापाने गोदीत ओझी उचलली, मी बोटं उचलतो. तू कॉम्प्युटर शिकायचास." हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. कॉम्प्युटर त्यांनीही पाहिला नव्हता, मीही नाही.

आणि एका संध्याकाळी ते खोका घेऊनच आले. घामाने निथळत होते आणि चेहरा असा, की मला वाटलं बढती मिळाली. बाजारातल्या दुकानदाराने त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "कॉम्प्युटर है साहब, टीवी पे चलता है." खोक्यात खरंच कीबोर्ड होता. शिवाय काही कॅसेटी आणि दोन रिमोट, ते कशाला असा प्रश्न पप्पांना पडला नाही. बातमी चाळभर झाली. शेजारच्या काकू नारळ घेऊन आल्या. आईने नारळ बाजूला ठेवला आणि आमच्या पद्धतीप्रमाणे भिंतीवरच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावली. पप्पांनी हात धुतले, पुसले, आणि बटण दाबलं.

पडद्यावर यादी आली. रणगाडे. मोटरसायकल. बदकं. बंदूकवाले दोघे. मला एका क्षणात कळलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे हेच होतं, फक्त कीबोर्ड नव्हता. हा टीव्ही गेम होता. दारात उभ्या असलेल्या पोरांनाही कळलं असणार, पण ती शहाणी, बोलली नाहीत. त्यांना दुसऱ्या दिवशी खेळायला यायचं होतं. "हे सगळे कॉम्प्युटरचे धडे," पप्पा लोकांना सांगत होते.

आईने मला मोरीपाशी गाठलं. "खेळ आहे ना गं तो?"

"हो."

"त्यांना बोलू नकोस. ऑफिसात पेढे वाटून आलेत."

झालं. तेव्हापासून घरात एकच गोष्ट जिवापाड जपायची होती: पप्पांना कळता कामा नये. आईने जुन्या अभ्र्याचं झालर लावलेलं कव्हर शिवलं. पप्पा घरी असले की मी फक्त टायपिंगची कॅसेट लावायची. पडद्यावर वर ढग, खाली जमीन. ढगातून अक्षर सुटायचं आणि ते जमिनीला टेकायच्या आत कीबोर्डवर दाबायचं. दाबलं की फुटायचं. टेकलं की एक लाइफ गेली. बाकीच्या कॅसेटी दुपारच्या, दार लोटून, आवाज बारीक करून. आई कांदा चिरता चिरता म्हणायची, "अगं, उडी मार ना, मेला बघ परत!"

पप्पा बरेच दिवस मागे बसून नुसते बघायचे. एका रविवारी मी म्हटलं, "तुम्ही करून बघा ना." त्यांनी परत हात धुतले. बसले ते ताठ, मनगटं उचललेली. आणि पहिलं बटण असं हाणलं की स्टुलावरचा कीबोर्ड उडाला. सवय टाइपरायटरची. पण बोटं काय चालली! अक्षर ढगातून निघेपर्यंत फुटलेलं. मी बघतच राहिले. माझ्या बापाला मी कामावर कधी पाहिलंच नव्हतं.

मग एक अक्षर चुकलं. पप्पांचे हात जागीच थांबले. "गेलं," ते म्हणाले, आणि हात मांडीवर घेऊन बसले. वरून अक्षरं येतच होती.

"पप्पा, दाबा ना! लाइफ आहेत अजून."

"म्हणजे?"

"म्हणजे चुकलं तरी चालतं."

"असं कुठे चालतं?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. आज वाटतं, त्यांना तोवर ते कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मात्र ते रोज बसायला लागले. आधी चुकलं की चुकचुकायचे, मग नुसते हसायचे. एकदा सगळ्या लाइफ गेल्या तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "मेलो! परत लाव." आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. शर्टाचं बटण चुकीच्या काजात घालूनही एकदा ते भाजी आणायला गेले, आणि आल्यावर हसले.

मग शाळा सुरू झाली, आणि पप्पांच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. जेवताना त्यांनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, कुणाला येतो? सगळ्यांनी पप्पांकडे बोट दाखवलं. ह्यांच्या घरीच आहे की! उद्या सगळ्यांसमोर बसायचं होतं.

आई मला डोळ्यांनी खुणावत होती, तू सांग. मी तिला, तू सांग. शेवटी मीच म्हटलं, "पप्पा, तिथला कॉम्प्युटर जरा वेगळा असेल."

"असू दे. मशीन वेगळी, बोटं तीच ना?" ते म्हणाले आणि भात मागितला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी काय शिकले ते देवाला ठाऊक. फळ्यावर बाईंनी काढलेलं प्रत्येक अक्षर मला खाली घसरताना दिसत होतं, आणि पप्पा ठाण्याला एका अनोळखी पडद्यासमोर हात मांडीवर घेऊन बसलेले दिसत होते. मागे हसणारी माणसं. मला त्या माणसांचा इतका राग आला, की मी पेन्सिल मोडली. त्यांनी काही केलेलंही नव्हतं बिचाऱ्यांनी.

संध्याकाळी ते आले. पाय धुतले, शर्ट खुंटीला अडकवला, आणि कोब्यावर टेकून बसले. आईने चहा पुढे केला. त्यांनी दोन घोट घेतले.

"ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये ढग नाहीत गं," ते म्हणाले.

मी वही मिटून त्यांच्यासमोर येऊन बसले.

"नुसता काळा पडदा. एक बारीकशी रेघ लुकलुकते. मी आपला वाट बघत बसलो, वरून अक्षर कधी येतंय. येतच नाही! आपणच टाकायची असतात." ते स्वतःशीच हसले. "सगळे मागे उभे. आमचे सीनियर तर हात मागे बांधून, म्हणे बिघडला म्हणजे? हात कुणी लावेना. मी म्हटलं, बघू. दाबलं. पहिलाच शब्द चुकला. मागे सगळ्यांचा श्वास अडकला गं! कार्बनवाली माणसं सगळी. आणि माझ्या तोंडून काय गेलं असेल? लाइफ आहेत अजून."

आईने तोंडाला पदर लावला.

"मशीन बसवायला आलेल्या माणसाने खोडायचं बटण दाखवलं. खोडलं. कागद नाही, कार्बन नाही, डागसुद्धा नाही. मग काय, पूर्ण पत्र काढलं."

मला रडायला येत होतं. सुटलो, असं वाटलं, सगळे सुटलो. तेवढ्यात ते म्हणाले, "आपल्या घरी आहे तो खेळच आहे, ना?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण ते माझ्याकडे इतके सरळ बघत होते.

"हो, पप्पा."

"आईला ठाऊक होतं?"

आई विनाकारण भांडी पुसायला लागली. पप्पांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मला वाटतं, पेढे आठवले असावेत, चाळीतली गर्दी, मेणबत्ती. बाहेर अंधारायला लागलं होतं आणि मागच्या दारातून मलंगगड शाईसारखा निळा दिसत होता. मग ते उठले, टीव्हीपाशी गेले, झालरीचं कव्हर काढलं आणि नीट घडी घालून ठेवलं.

"मग ती दुसरी लाव," ते म्हणाले. "दुपारी लावता ती. कितीही बारीक करा, शनिवारी लवकर सुटून आलो की चाळीच्या तोंडापर्यंत ऐकू येते धून."

मी बंदूकवाल्या दोघांची कॅसेट लावली. पप्पांनी दोन नंबरचा रिमोट उचलला, उलटा धरला, सुलटा केला. त्या रिमोटला सुरू करायचं बटणच नसायचं. "सुरू तूच कर," ते म्हणाले आणि मांडी घालून माझ्या शेजारी बसले. हात धुवायला गेले नाहीत.

आता पप्पा नाहीत. ती चाळही नाही. सोसायटीतले लोक उपयोग विचारतात तेव्हा मला फक्त तो खांदा आठवतो, माझ्या खांद्याला लागलेला, घामट, सैल सोडलेला. त्या संध्याकाळी पहिल्याच खड्ड्यात त्यांचा गडी पडला.

"मेलो," ते म्हणाले. "आहेत ना अजून?"

"आहेत, पप्पा. पुष्कळ आहेत."