निपाणीचं ‘असे समजते’

आमच्या निपाणीच्या वार्ताहरांनी जन्मात एक बातमी छातीठोकपणे दिली असेल तर शपथ. ‘निपाणीत काल गारांचा पाऊस झाला असे समजते.’ हा गृहस्थ राहायला निपाणीतच! मी ट्रंककॉल लावून जाब विचारला, तर शांतपणे म्हणाले, “गारा मी बघितल्या न्हाईत. दुपारचा झोपलो होतो. बायको सांगत होती.” सख्ख्या बायकोच्या शब्दावरसुद्धा ‘समजते’चा शिक्का!

ऑफिसात त्यांना सगळे समजतेअण्णा म्हणत. निपाणीच्या स्टँडवर आमचं दैनिक विकणारे एजंट तेच आणि तिथली बातमी पाठवणारेही तेच. तेव्हा गावोगावी अशीच रीत होती. दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे ते पाकीट देत, आणि मी, सत्तरच्या दशकातला नवा कोरा उपसंपादक, बेळगावच्या स्टँडवरून ते खडेबाजारातल्या छापखान्यात आणत असे. वाटेतच फोडायचो आणि वाटेतच डोकं फिरायचं. छपाईचे खिळे जुळवणारा आमचा जुळारी वैतागून म्हणायचा, “साहेब, निपाणीच्या मजकुराला ‘ज’चे खिळे पुरत न्हाईत बघा.”

एकदा त्यांनी लिहिलं, ‘सभेस मोठी गर्दी होती असे समजते.’ मी म्हणालो, “अण्णा, तुम्ही सभेत होता ना?” “व्हय, होतो की. पुढच्या सतरंजीवर. मागं कोण बसलंय ते वळून बघायचं काय, भाषण चालू असताना?” या माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग मी लाल पेन्सिल उचलली. निपाणीचा कागद आला की आधी ‘असे समजते’ कापायचं, मग बातमी वाचायची. संपादकांनी माझी पाठ थोपटली. बातम्या कशा चटपटीत दिसू लागल्या होत्या!

पुढं एके दिवशी आलं : ‘तवंदी घाटात तंबाखूचा ट्रक उलटला. बेळगुंदीचा ड्रायव्हर मरण पावला असे समजते.’ पहिल्या वाक्यात तो शब्द नव्हता, दुसऱ्यात होता. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. मी सवयीनं कापला.

ड्रायव्हर जिवंत होता. तो बेशुद्ध पडला होता आणि त्याला कुणीतरी जीपमध्ये घालून कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. पण बेळगावजवळच्या बेळगुंदीत निरोपाआधी आमचा पेपर पोचला. दुपारी निरोप आला, तोवर त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात उभे. आता हा माणूस माझी सालटी काढणार, म्हणून मी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, “माझा कागद हाय काय?” मी दिला. लाल रेघ त्यांनी पाहिली, कागदाची घडी केली, खिशात घातली. “ट्रक मी बघितलता. ड्रायव्हरला कुठं बघितलं? चल, बेळगुंदीला.” जाताना खडेबाजारातल्या कासाराकडून त्यांनी डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या आणि माझ्या हातात दिल्या.

ड्रायव्हरची आई दारातच होती. सून आत भिंतीकडं तोंड करून बसलेली. म्हातारीनं विचारलं, “कुणी लिवलं रं ते?” मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, “मी लिवलंय, आक्का. न बघता लिवलं. चुकलो.” म्हातारीनं त्यांना असं काही सोललं की मलाच ऐकवेना. शेवटी माझ्या हातातल्या बांगड्या हिसकावून ती सुनेजवळ बसली आणि एकेक करून तिच्या हातात चढवू लागली. “म्होरं लिवायच्या आधी येऊन बघून जावा,” ती पाठमोरीच म्हणाली.

परतताना मी अण्णांवरच चिडलो. लाजेनं माणूस असा चिडतो. “तुम्ही खोटं का बोललात?”

“बातमीवर ‘आमच्या निपाणीच्या वार्ताहराकडून’ असं छापलंय. तुझं नाव कुठं हाय त्यात?”

त्यानंतर मी तो शब्द कधी कापला नाही. म्हातारबुवांनी मग ताळच सोडला. पोटच्या मुलीच्या लग्नाची बातमी धाडली, ‘विवाह मुहूर्तावर लागला असे समजते’! का, तर अक्षता पडल्या तेव्हा हे मांडवामागं आचाऱ्याशी भांडत होते. मी कपाळावर हात मारला आणि तसंच छापलं.

ऐंशीच्या दशकात एका सकाळी निपाणीच्या स्टँडवरच्या चहावाल्याचा फोन आला : “अण्णा गेले.”

“तुम्ही बघितलं?”

“न्हाय. लोक बोलत्यात.”

लोक काय, काहीही बोलतात. मी निपाणीची बस धरली. घाट ओलांडेपर्यंत मनाला बजावत होतो, की नुसतं समजलंय, अजून कुणी बघितलेलं नाही.

परत आलो तेव्हा जुळारी माझ्यासाठी थांबला होता. मी लिहिलं, ‘आमचे निपाणीचे वार्ताहर यांचे आज निधन झाले’, आणि हात अडला. ज्या शब्दानं मला इतकी वर्षं छळलं, तो त्या दिवशी मला हवा होता. पुढं लिहावा आणि कुणीही कापू नये, असं फार वाटत होतं. पण मी स्वतः बघून आलो होतो. मी पूर्णविराम दिला आणि कागद जुळाऱ्याच्या हातात ठेवला.